शिंगाड्याच्या तळ्यावरची घरं

भूकंप झाला तेव्हा रामदास इंगळे टेंपोत बसला होता, आणि ही गोष्ट कुणी चारचौघांत काढू नये असं त्याला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

ऐंशी सालचा जुलै. रात्रीचे साडेआठ. लखनौबाहेरच्या चिनहटहून दुरुस्त होऊन आलेला भूकंपमापक यंत्राचा जादाचा गोल ड्रम मांडीवर घेऊन तो फैजाबाद रोडने घरी येत होता. टेंपो आपणहूनच असा खिळखिळत होता, की खाली पृथ्वी हलली काय अन् न हलली काय, सारखंच. भूकंपाच्या सरकारी खात्यात त्याची सहा वर्षं नोकरी झाली होती. रोज सकाळी ड्रमवर काजळी धरलेला कागद चढवायचा, आदल्या दिवशीचा उतरवायचा, सुईने काजळीत ओढलेली पांढरी रेघ लाखेच्या पाण्यात पक्की करायची. नखांतली काजळी दिवाळीच्या उटण्यानेही जायची नाही. आणि एवढं करून या माणसाच्या पायाखालची जमीन जन्मात एकदाही हलली नव्हती. तो अकोल्याचा. तिकडच्या काळ्या मातीला भेगा पडतात, पण तिला कंप ठाऊक नाही.

इंदिरा नगरात उतरला तर सगळी वसाहत रस्त्यावर. बायका, म्हातारे, उघड्या अंगाचे पुरुष. पहिल्या ओळीपुढच्या मोकळ्या मैदानात त्याची बायको सुभद्रा उभी होती, पायात चपला, हातात बॅटरी. आणि तिच्याशेजारी नंदकुमार.

नंदकुमार रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. पहिल्या ओळीत वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. तो सुभद्राच्याच मुलखातला, कोयनेच्या खोऱ्यातला. सदुसष्ट साली कोयनेला भूकंप झाला तेव्हा दोघं तेरा-चौदा वर्षांची होती आणि एकाच छावणीत महिनाभर राहिली होती. लखनौसारख्या गावात असा माणूस बायकोला शेजारी मिळावा, याला दुसरा कुणी नशीब म्हणाला असता. रामदास म्हणत नव्हता.

"आपल्या सदुसष्टाच्या म्होरं ह्यो म्हंजी पोरखेळ," नंदकुमार म्हणत होता.

"पोरखेळ काय म्हनतुयास नंदू, माजं पाय बघ अजून कापत्यात."

"तुजं पाय तवाबी कापत हुतं सुभे. छावणीत खिचडीचं ताट कुनी सांडलंवतं?"

सुभद्रा हसली. पदर तोंडावर घेऊन, डोळे मिटून हसली. रामदासशी ती शाळेतल्या बाईंसारखं बोलायची, शब्द न् शब्द निवडून. हे हसू, ही बोली त्याच्या घरात कधी उंबरा ओलांडून आली नव्हती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

शेजारचे मिश्राजी खो खो हसले. "लो भाई! भूकंप विभाग वाले पूछ रहे हैं, क्या हुआ!"

सगळे हसले. नंदकुमारही हसला, मग रामदासचा चेहरा बघून थांबला. ते थांबणं जास्त झोंबलं.

त्या दोघांचा मिळून एक भूकंप होता. आता दोन झाले. आपल्या वाट्याला एकही नाही.

*

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागदावरची पांढरी रेघ वेडीवाकडी नाचलेली होती. विश्वास साहेबांनी पट्टी लावून पाहिलं. ते पुण्याचे, बोलायला मऊ.

"बघ रामदास. ही पहिली लाट, बारीक. जोरात पळणारी. आणि ही दुसरी, दांडगी, पण चालीला मंद. दोघी एकाच जागेवरून एकाच वेळी निघतात. जितकं लांब घर, तितकं दोघींत अंतर पडत जातं. इथे अडतीस सेकंद आहेत. सेकंदाला आठ किलोमीटर धरायचे. म्हणजे तीनशेच्या आसपास. नेपाळची पश्चिम बाजू."

"हिमालयच म्हणजे."

"तोच. आपली भुई वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेला रेटते. समोर तिबेट हटत नाही. दोन सांड शिंगाला शिंग लावून उभे राहिल्यासारखं. वर्षानुवर्षं हालचाल नाही, आणि मग एक दिवस कुणाचं तरी खूर निसटतं." साहेबांनी तीस छापील कागद पुढे सरकवले. "आता खरं काम. हे तुझ्या वसाहतीतून भरून आण."

रामदासला हे कागद ठाऊक होते. यंत्र सांगतं भूकंप केवढा होता, तो आकडा एकच. पण तो कुठे किती जाणवला, ते यंत्र सांगत नाही, ते माणसांना विचारावं लागतं. लग्नाचा ताशा एकच वाजतो, तरी मांडवात बसलेल्याच्या छातीत धडधडतं आणि वेशीबाहेरच्याला वाटतं कुणी धान्य पाखडतंय. म्हणून कागदावर प्रश्न: कुठे होता? खाली की वर? बसला होता, उभा होता, झोपला होता? टांगलेल्या वस्तू हलल्या? भांडी वाजली? पाणी सांडलं? सोबत कोण होतं? उत्तरांवरून त्या मोहल्ल्याला एक ते बारापर्यंत एक अंक द्यायचा.

तीन दिवस तो दारोदार हिंडला. खालच्या घरांतून एकच सूर. "अरे कुछ नहीं भैया, हम तो टहल रहे थे." "ज़रा-सा लगा, जैसे ट्रक निकला हो." वरच्या मजल्यांवर थोडं अधिक. दिवे झुलले, बादलीतलं पाणी हिंदकळलं. बरोबरच होतं. झाडाचा शेंडा जास्त हलतो, बुंधा कमी. रामदासने मनातल्या मनात वसाहतीला तीनचा अंक देऊन टाकला.

नंदकुमारने चहा पाजला, हसत हसत कागद भरला. वरचा मजला. दिवा झुलला. पाणी सांडलं. 'सोबत कोण होतं' या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नाही.

जिना उतरताना रामदास त्या कोऱ्या रकान्याकडेच बघत राहिला. एकट्या माणसाने 'कुणी नाही' असं लिहावं. कोरा काहून सोडावा?

शेवटच्या ओळीत, खालच्या मजल्यावर आपल्या घरी आला. सुभद्रा पोळपाटावर होती. तिच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर जड भांडं नसे. हंडा-कळशी जमिनीवर, लोणच्याची बरणी जमिनीवर, खाट कपाटापासून चार हात लांब. रात्री दाराजवळ चपला आणि बॅटरी. आणि बोलता बोलता तिची नजर मधूनच छताच्या दिव्याच्या वायरकडे जायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी रामदास त्यावरून तिला चिडवायचा, "दिव्याची दृष्ट काढतेस काय?" मग त्याला सवय झाली. लाटता लाटता ती गुणगुणत होती.

भुईमाय कूस घेई, तिला डोळाभर नीज
पोटी तिच्या दडली, बाई, दगडाची वीज

"कागद भरायचा राहिला तुझा," तो म्हणाला. "सांग. कुठे होतीस?"

"इथेच. फुलके करत होते. आधी भांडी किणकिणली, अगदी बारीक. मी दिव्याकडे बघितलं, तो स्थिर. म्हटलं, भास झाला. फुलका तव्यावर टाकला, उलटला, जाळावर फुगला, आणि मग दिवा असा झुलायला लागला की काय सांगू. माठातलं पाणी काठावरून सांडलं. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर खट् खट् आपटली. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि मैदानात पळाले."

रामदासने लिहून घेतलं. हे तर वरच्या मजल्याचं वर्णन. खालच्या वीस घरांत कुणाचं पाणी सांडलं नाही, आणि हिच्याच माठातलं सांडलं? हिच्या माठाला काय पाय फुटले?

"माठातलं?" त्याने विचारलं. "की बादलीतलं?"

"माठातलं. बादली कुठली?"

"नाही, नंदकुमारची बादली सांडली म्हणे."

"मग?"

"मग काही नाही." पण लगेच तो म्हणाला, "फुलका कुणाच्या तव्यावर फुगला, तेवढं सांग."

तिचं लाटणं थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, असं, की आपण काय बोललो ते त्याला पुन्हा ऐकू आलं. त्याला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही.

*

संशय म्हणजे घरात शिरलेली घूस. दिसत नाही, पण रोज थोडा पाया पोखरते.

शेजारच्या मिश्राजींच्या आईचा कागद राहिला होता. अम्माजी म्हणाल्या, "बेटा, ऐसा हिला कि घड़े का पानी छलक गया. हमने बहू को आवाज़ दी. वह तो निकल चुकी थी." निकल चुकी थी. केव्हा? त्या धक्क्याने, की त्याच्या आधीच? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर उद्या सगळ्या ओळीत झालं असतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, त्याच्या हंडीतलंही पाणी सांडलं.

ते दोन कागद रामदासने दिव्याखाली धरले. हे खरे धरले तर सुभद्राही खरी. म्हातारी घाबरट, इस्त्रीवाला बढाईखोर, असं त्याने ठरवलं आणि दोन्ही कागदांच्या कडेला लिहिलं: 'अतिशयोक्ति'.

मग सुभद्राचा कागद घेतला. तो बराच वेळ समोर ठेवून बसला. शेवटी पेन उघडलं, 'मंज़िल' म्हणजे मजल्याच्या रकान्यातलं 'नीचे' खोडलं, आणि त्याच्यावर लिहिलं 'ऊपर'.

तीन अक्षरं. लिहिल्यावर त्याला क्षणभर बरं वाटलं, गळू फुटल्यावर वाटतं तसं. आता सगळे कागद एकमेकांशी जुळत होते.

आतून तिचा आवाज येत होता, भांडी घासता घासता, अगदी हळू.

माहेरीचं बोलू, बाई, कुणापाशी बोलू
सासरीच्या दारी कसं आतलं कुलूप खोलू

कुणापाशी बोलतेस ते ठाऊक आहे, तो मनात म्हणाला.

*

शनिवारी विश्वास साहेबांनी वसाहतीचा नकाशा टेबलावर पसरला आणि एकेका घरावर टाचणी टोचत गेले. खालच्या घरांना पांढरी, वरच्यांना निळी, खाली असूनही जिथे पाणी सांडलं तिथे लाल. 'अतिशयोक्ति'पाशी ते अडले.

"हे कुणी ठरवलं?"

"मी, साहेब. आजूबाजूला कुणाचंच सांडलं नाही."

"आपण ठरवायचं नसतं. आपण टोचायचं." त्यांनी दोन लाल टाचण्या टोचल्या. दोन्ही शेवटच्या ओळीच्या शेवटच्या टोकाला, जवळजवळ. मग तिसरा कागद उचलला. "आणि ही खाडाखोड? सुभद्रा इंगळे. या तुझ्या घरच्या ना? तू तर खाली राहतोस."

रामदास उरलेले कागद सारखे करू लागला. "चुकून झालं असेल साहेब."

साहेबांनी वर पाहिलं नाही. तिसरी लाल टाचणी त्यांनी घर नंबर बारावर टोचली. अम्माजींचं अकरा, त्याचं बारा, कोपऱ्यावर इस्त्रीवाला. तीन लाल टिकल्या, एका बांगडीत मावतील एवढ्या.

"तीन माणसं एकाच ठिकाणी उभी राहून एकच खोटं बोलत नाहीत, रामदास. तिथली माती विचारून ये."

तो दुपारीच निघाला. शेवटच्या ओळीमागे गवळ्याचा गोठा होता. गवळी पन्नाशीचा, या जागेवर वसाहत नव्हती तेव्हापासूनचा.

"यहाँ पहले क्या था, भैया?"

"तालाब था, बाबूजी. सिंघाड़े का. हमारे बाप डोंगी लेके तोड़ते थे. फिर मलबा डाल-डाल के पाट दिया, ऊपर मकान खड़े कर दिए." त्याने काठीने हवेत गोल काढला. त्या गोलात अम्माजींचं घर आलं, इस्त्रीचं टेबल आलं, आणि रामदासचा दरवाजा आला.

रामदास तिथेच उकिडवा बसला. एवढं कसं सुचलं नाही? कठीण जमिनीवरून लाट सरळ निघून जाते. भरावाच्या पोकळ, ओल्या मातीत शिरली की ती मंदावते आणि फुगते, परातीतल्या पाण्यासारखी डुचमळत राहते. हे त्याने साहेबांकडून दहा वेळा ऐकलं होतं. खालच्या घरालाही अशा जमिनीवर वरच्यासारखं हलता येतं. आणि फुलका! बारीक किणकिण आणि मोठा झोका यांच्यामध्ये तव्यावर टाकून, उलटून, फुगवलेला एक फुलका. यंत्राने जे अडतीस सेकंद मोजले, तेच सुभद्राने आपल्या तव्यावर मोजले होते.

तो घराकडे जवळजवळ पळतच गेला.

*

सुभद्रा अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने दारातूनच सुरू केलं. तळं, शिंगाडे, मलबा, लाट, फुलका. सांगताना तो आनंदला होता, लहान पोराने गणित सोडवून पाटी दाखवावी तसा.

"म्हणजे तू घरातच होतीस!" तो शेवटी म्हणाला.

तिने ओला टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"मी तेच सांगितलं होतं."

"हो, पण आता सिद्ध झालं."

"गवळ्याने सांगितलं म्हणून. चिखलाने साक्ष दिली म्हणून." ती वळली. "माझा कागद आहे तुमच्याकडे?"

तो त्याच्या पिशवीत होता. खाडाखोड सही करून दुरुस्त करायला साहेबांनी तो, 'अतिशयोक्ति'च्या दोन कागदांसकट, परत दिला होता. द्यावा की न द्यावा, असा तो घुटमळला, तेवढ्यात तिने हात पुढे केला. हिंदी तिला छान वाचता यायचं. ती वाचत गेली, आणि एका रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"ही खाडाखोड तुमची."

"हो."

"तुम्ही मला वर नेऊन बसवलंत."

त्याने कागदाला हात घातला, तिने तो सोडला नाही.

"सरकारी कागदावर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गावात एखादा रागाने बोलतो, मग विसरतो. तुम्ही शाईने लिहिलंत. आणि नंदूला काय म्हणणार होता? त्याचा कागद पण वाचला असेल ना असाच?"

"सोबत कोण होतं, तो रकाना त्याने कोरा सोडला होता."

"अहो, तो एकटा आहे. चार वर्षं बघताय तुम्ही. एकट्या माणसाला 'कुणी नाही' असं आपल्या हाताने लिहावंसं वाटत नसेल."

रामदास पायरीवर बसला. काजळीने काळवंडलेली आपली नखं बघत राहिला. मग जे इतके दिवस तोंडाशी येऊन परत जात होतं, ते बाहेर पडलं.

"तुम्ही दोघं हसता. त्या रात्रीचं बोलता. तुमचं ते एक आहे, त्यात मला जागा नाही. मला त्याचा हेवा वाटतो, सुभद्रा. भूकंपाचा हेवा वाटतो. लोकांना सांगितलं तर जोडे मारतील."

"मारतीलच," ती म्हणाली. पण ती आत गेली नाही. "तुम्ही तीस घरांत जाऊन विचारलंत, भांडी वाजली का, पाणी सांडलं का. चार वर्षांत मला एकदा तरी विचारलंत, त्या रात्री काय झालं? दिव्यावरून चिडवलंत तेवढं. मी वाट बघत होते. पहिला प्रश्न आला तो हा, की तवा कुणाचा."

"आता विचारू?"

"आज नको. आज तुमच्यावर माझा राग आहे."

त्याने तिच्यासमोर 'ऊपर' खोडलं, पुन्हा 'नीचे' लिहिलं, खाली पूर्ण नावाची सही केली. दुसऱ्या दोन कागदांवरचं 'अतिशयोक्ति' खोडून तिथेही सही केली. तिने बघितलं. मग उरलेले कपडे दोरीवर टाकायला वळली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती आपणहून त्याच्यासमोर येऊन बसली. हातात काही काम घेतलं नाही.

"विचारा."

त्याने कचेरीतला एकही प्रश्न विचारला नाही. "कोण कोण होतं घरात?" एवढंच म्हणाला.

"आई, बाबा, मी, आणि ईश्वर. माझा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा." ती बोलू लागली, आणि चार वाक्यांतच तिची निवडक भाषा गळून पडली. "धरण भरल्यापासनं भुई रोजच कुरकुरायची. आमाला सवं झालीवती. जरा भांडं वाजलं की म्या ईश्वरचा हात धरायची न् भाईर पळायची. मलाच सांगितलंवतं, त्यो तुज्याकडं. त्या पहाटं भांडं वाजलं. म्या अंधारात हात धरला न् पळालं. भाईर आलं, मागं घर बसलं. मंग बघितलं, तर माज्या मुठीत गोधडीचं टोक हुतं."

बाहेर अम्माजी कुणावर तरी ओरडत होत्या. आत काही हललं नाही.

"समद्यांस्नी वाटतं, त्यो बापाच्या कुशीत हुता, म्हून आत ऱ्हायला. आईलाबी. म्या कवा बोललेच न्हाई."

"आणि नंदकुमार?"

नाव तोंडातून गेलं आणि रामदासला स्वतःची लाज वाटली. या घटकेलासुद्धा हेच सुचावं.

सुभद्राने मात्र सरळ उत्तर दिलं. "त्यो नदीच्या पल्याडचा. छावणीत भेटला. खिचडीचं ताट सांडलं येवढंच त्याला ठावं. ते का सांडलं, ते न्हाई. कुनालाच न्हाई."

जे फक्त आपलं असावं, त्यात नंदकुमारचा वाटा नसावा, असं काही त्याला हवं होतं. ते मिळालं. ते इतकं जड असेल, याचा त्याला अंदाज नव्हता. ते ठेवायला घरात कुठली फळीही नव्हती.

सुभद्राची उजवी मूठ मांडीवर अजून मिटलेली होती. त्याने ती उघडायचा प्रयत्न केला नाही. आपला काळा पडलेला हात तिच्या मुठीवरून धरला आणि ती पुढचं सांगेपर्यंत तसाच बसून राहिला.